माहेरची गोलकीपर

त्या सोमवारी घोलवडच्या आमच्या वखारीत कुणाचंच मन चिकूत नव्हतं. मोठा माल मधल्यात पडत होता, मधला बारक्यात. शेठ दोनदा ओरडून गेले. पण आदल्या दिवशीचा सामना कुणाच्या डोक्यातून उतरत नव्हता. आम्ही हरलो होतो, आणि तेही पेनल्टीवर.

आम्ही म्हणजे आमच्याकडच्या हायस्कूलच्या मुली. चिकूच्या वाड्यांमध्ये राहणाऱ्या पोरी, म्हणून सगळे त्यांना वाडीवाल्या म्हणतात. समोर तलासरीच्या पलीकडच्या आश्रमशाळेचा संघ, त्या डोंगरवाल्या. दर जानेवारीत तलासरीच्या मैदानावर मुलींची फुटबॉलची स्पर्धा होते. दहा-बारा शाळा येतात, पण शेवटी उरतात या दोनच. चार वर्षांत दोनदा आम्ही जिंकलो होतो, दोनदा त्या. म्हणून त्या वर्षी सामना बघायला आमच्या बाजूने चार टेम्पो भरून माणसं गेली होती.

मी रूपी. आठ वर्षं वखारीत निर्मलाच्या शेजारी बसून चिकू निवडते. निर्मला मूळची डोंगरातली, तलासरीपासून जीपने तासभर पुढे तिचा पाडा. सातवीपर्यंत त्याच आश्रमशाळेत शिकली. भात कापून झालं की भावाच्या टोळीबरोबर चिकू काढायला इकडे यायची. इथेच तिला उमेश भेटला आणि ती इथलीच झाली. उमेश झाडावर चढण्यात पटाईत आणि बोलण्यात कच्चा. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर खूप. बोलायचं काम निर्मलाच करायची.

आणि फुटबॉल म्हटला की ती थांबायचीच नाही. तिच्या वेळी आश्रमशाळेत मुलींना खो-खो होता, बॉल मुलांचा. तिने स्वतः कधी लाथ मारली नव्हती. पण मुलगी दक्षा सहावीत संघात गेली तेव्हापासून हिने एक सामना सोडला नाही. दुसऱ्या दिवशी वखारीत ती टेबलावर चिकू मांडून दाखवायची: ही आपली, ही त्यांची, ही इथे उभी होती, ही अशी धावली. सामना न पाहिलेल्यालाही तो दिसायचा. मैदानावर तर तिचा आवाज पलीकडच्या रस्त्यापर्यंत जायचा.

अडचण एकच होती. डोंगरवाल्यांची गोलकीपर वर्षा ही तिच्या सख्ख्या भावाची, चैत्याची मुलगी. दक्षा आणि वर्षा, दोघी नववीत. आजवर त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. उलट आम्ही चिडवायचो, "निर्मले, आज माहेर की सासर?" ती म्हणायची, "जेवायला माहेर, जिंकायला सासर." आणि सगळे हसायचे.

त्या रविवारी सामना फार अटीतटीचा झाला. पहिला गोल दक्षाने केला, अर्धा वेळ संपायच्या आत. त्यांच्या दोघींच्या मधून बॉल काढून तिने असा मारला की वर्षा नुसती बघत राहिली. निर्मला माझ्या खांद्याला धरून उड्या मारत होती, माझा पदर फाटला. मग डोंगरवाल्यांनी कॉर्नरवरून बरोबरी केली. पुढे दोन्हीकडच्या पोरी धुळीने लाल झाल्या, आमच्या एकीचा गुडघा फुटला, त्यांची एक चक्कर येऊन पडली, पण गोल कुणाचा होईना. वेळ संपली. पाच-पाच पेनल्टी ठरल्या.

त्यांच्या चार गेल्या, एक बाहेर. आमच्या चारातल्या तीन गेल्या. शेवटची दक्षाची. गेली तर बरोबरी, नाही तर संपलं.

दक्षाने बॉल ठेवला. मागे गेली. धावत आली आणि मारला. वर्षाने डावीकडे झेप घेतली. बोटांच्या टोकांना बॉल लागला, खांबावर आपटला आणि बाहेर गेला.

एक क्षणभर आमच्या बाजूला कुणी श्वास घेतला नाही. आणि त्या शांततेत माझ्या शेजारून आवाज आला, "शाबास वर्षे!"

निर्मलाने लगेच तोंडावर हात ठेवला. पण शब्द गेला होता. आमच्या माणसांनी ऐकला. मैदानात गुडघ्यांवर बसलेल्या दक्षानेही ऐकला. तिने मान वर करून आईकडे पाहिलं, ते मला अजून आठवतं.

तर सोमवारी वखारीत चर्चा चालू होती ती याचीच. सुरुवात केली नविनभाईने. नविनभाई टेम्पो चालवतो, क्रेट उतरवायला येतो आणि दर सामन्याला स्वतःचा टेम्पो घेऊन जातो. संघाचा त्याच्याइतका वेडा चाहता दुसरा नाही.

"पोरगी एवढी तयारीची," तो म्हणाला, "गोलकीपरच्या हातात कशी मारेल? मुद्दाम मारली. गोल घरातूनच झाला."

"आत्याला भाचीचं प्रेम," कुणीतरी म्हणालं.

निर्मला तेव्हा मागच्या बाजूला खोकी आणायला गेली होती. आणि मी, तिच्या शेजारी आठ वर्षं बसलेली मी, म्हणाले, "तोंडातून निघालं ते मनातलंच असणार ना."

मागे वळून पाहिलं तर ती दारात उभी, दोन खोकी हातात. येऊन बसली आणि चिकू निवडायला लागली. त्या दिवशी तिच्या ढिगात एकही चिकू चुकीचा पडला नाही.

बोलणं वखारीत थांबलं असतं तर निभावलं असतं. पण ते शाळेपर्यंत गेलं. संघातल्या मुली दक्षाला टाळू लागल्या. एकीने तिला तोंडावर विचारलं, "मामाने काय दिलं?" दक्षा सरावाला जायची बंद झाली. बूट धुऊन तिने शाळेत परत करून टाकले. घरी आईशी बोलेना.

हे मला निर्मलाने सांगितलं नाही, उमेशने सांगितलं. तो वखारीच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "रूपीताई, तुमची मैत्रीण जेवत नाही." एवढंच बोलून गेला. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

घरात काय झालं ते मला नंतर कळलं. निर्मलाने मुलीला समजावलं होतं, "माझ्या तोंडून निघून गेलं गं. तिने इतकी लांब उडी घेतली, मला कळलंच नाही मी काय बोलले." त्यावर दक्षा म्हणाली होती, "मी गोल केला तेव्हा तू माझं नाव घेतलंस का?" निर्मलाने घेतलं होतं, घसा बसेपर्यंत घेतलं होतं. पण गोलनंतर सगळेच ओरडत होते, त्यात तिचा आवाज पोरीला कुठून ऐकू येणार? ऐकू आला तो नेमका नको तेव्हाचा.

पुढच्या रविवारी निर्मला एकटीच माहेरी गेली. तलासरीपर्यंत बसने, हायवे ओलांडून पुढे जीपने. वर्षा सुट्टीची घरी आली होती, अंगणात भांडी घासत होती. आत्याला बघून उठली, पण आत्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"वर्षे, खरं सांग," निर्मलाने विचारलं. "ती डावीकडे मारणार हे तुला कसं कळलं? दक्षाने सांगितलं होतं?"

"सांगेल कशाला?" वर्षा म्हणाली. "मे महिन्यात ती इथे असते तेव्हा आम्ही खळ्यावर रोज खेळतो. घाबरली की ती आधी शर्टाची बाही ओढते. बाही ओढली की डावीकडेच मारते. मागच्या मेमध्ये मला समजलं. तिला स्वतःला ठाऊक नाही."

निर्मला ओट्यावर बसली. मग तिने इकडे काय बोललं जातंय ते सांगितलं. तिला वाटलं होतं, वर्षाला बहिणीसाठी वाईट वाटेल. वर्षाला राग आला.

"म्हणजे मी अडवलाच नाही?" ती म्हणाली. "तिने दिला आणि मी घेतला? आत्या, पावसाळाभर मी चिखलात पडून सराव केला. कोपर सोलून निघाले. आणि ते म्हणतात फुकट मिळाला?" तिने भांडी तिथेच टाकली आणि आत जाऊन बापाला म्हणाली, "मला घोलवडला ने."

चैत्या म्हणाला, "आता?"

"आता."

पण दुसऱ्या दिवशी शाळा होती आणि गाडीत पेट्रोल नव्हतं. जाणं पुढच्या शनिवारावर गेलं. आठवडाभर निर्मलाने वखारीत यातलं अवाक्षरही काढलं नाही.

शनिवारी दुपारी नविनभाई क्रेट उतरवत होता तेव्हा चैत्याची मोटरसायकल वखारीच्या अंगणात येऊन थांबली. मागून वर्षा उतरली, बॉल काखेत. ठेंगणी, काटक पोर, कोपरांवर जुन्या जखमांचे डाग.

"नविनकाका कोण?" तिने विचारलं.

"मी. का गं?"

"तुम्ही म्हणता दक्षाने मला गोल दिला. मग तुम्ही मारा. पाच मारा. तुम्ही तर माझे कुणी लागत नाही."

सगळी वखार बाहेर आली. रिकाम्या क्रेटचे दोन ढीग लावून मध्ये वर्षा उभी राहिली. नविनभाईने चपला काढल्या, पँट दुमडली. पहिला तिने पायाने अडवला, दुसरा हाताने. तिसरा क्रेटवर बसला आणि ढीग कोसळला. चौथा आत गेला, त्याला आम्ही टाळ्या वाजवल्या. पाचवा तिने छातीशी धरला आणि परत त्याच्याकडे टाकला. नविनभाई धापा टाकत होता. "हाथ छे के जाळी?" तो म्हणाला. हरला की तो गुजरातीत जातो.

तेवढ्यात उमेश दक्षाला घेऊन आला. तिला आणायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दोघी बहिणी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मग वर्षाने बॉल खाली ठेवला आणि म्हणाली, "मार. त्या दिवशी मारलास तसा."

दक्षाने मारला. वर्षाने डावीकडे झेपावून अडवला. दुसरा, पुन्हा डावीकडे, पुन्हा अडवला. दक्षाचे डोळे भरून आले.

"तू दर वेळी बाही ओढतेस," वर्षा म्हणाली.

"काय?"

"शर्टाची बाही. घाबरलीस की ओढतेस आणि डावीकडे मारतेस."

"अगं ए," मागून चैत्या ओरडला, "सांगून काय टाकतेस? पुढच्या वर्षी काय करशील?"

"पुढच्या वर्षी दुसरं शोधेन," वर्षा म्हणाली. "पण हा मी अडवला होता. सगळ्यांनी बघा."

दक्षाने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात खरंच बाहीवर होता. तिने तो खाली घेतला, मागे गेली, धावत आली आणि उजवीकडे मारला. वर्षा डावीकडे पडली आणि बॉल थेट वखारीत, निवडलेल्या मालाच्या ढिगात जाऊन बसला. शेठ बाहेर आले, पोरींकडे एकदा पाहून परत आत गेले.

नविनभाई दक्षाजवळ गेला. मोठा माणूस, पण कान धरल्यासारखा उभा राहिला. "बेटा, मी चुकीचं बोललो," तो म्हणाला. "शाळेत पण मीच सांगतो सोमवारी." आणि सोमवारी खरंच टेम्पो शाळेच्या फाटकाशी लावून त्याने सरावाच्या मुलींना सांगितलं.

मलाही बोलायचं होतं. सगळे पांगल्यावर मी निर्मलाजवळ गेले. ती विखुरलेले चिकू वेचत होती.

"निर्मले, मी तसं बोलायला नको होतं."

"हो," ती म्हणाली. "बाकीचे बोलले त्याचं काही नाही. तू बोललीस ते लागलं."

तिने हे रागाने म्हटलं नाही, म्हणूनच मला जास्त झोंबलं. मी खाली बसून चिकू वेचू लागले. आमची मैत्री त्या दिवशी लगेच जुळली असं नाही. होळीपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. होळीच्या दिवशी तिने डब्यात मला नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी आणली, तेव्हा मला कळलं की आता बरं आहे.

दक्षा दुसऱ्याच आठवड्यात सरावाला गेली. आईशी बोलायला तिला जरा जास्त दिवस लागले. पण मे महिन्याच्या सुट्टीत ती नेहमीसारखी मामाकडे गेली आणि काळवंडून, पायाला फोड घेऊन परत आली.

यंदाच्या जानेवारीत पुन्हा तेच दोन संघ उतरले. पेनल्टीपर्यंत वेळ आली नाही, आम्ही दोन-एक असे जिंकलो. दोन्ही गोल दुसऱ्या मुलींचे. दक्षाचा एक बॉल वर्षाने अडवला आणि एक वरून गेला. निर्मला पहिला अर्धा वेळ डोंगरवाल्यांत बसली होती, भावाशेजारी. दुसऱ्या अर्ध्यात आमच्यात आली. माणसांनी सरकून जागा दिली. सामना संपल्यावर ती आधी वर्षाकडे गेली, कारण वर्षा रडत होती, आणि दक्षाही तिच्या मागोमाग गेली.

सोमवारी वखारीत नविनभाई पेढे घेऊन आला.

"काय गोल होता दुसरा!" तो म्हणाला.

"हाताला लागला होता," निर्मला म्हणाली.

"कुणाच्या?"

"आपल्याच पोरीच्या. कोपराखाली. मी समोरून बघितलं. रेफरीची पाठ होती."

"तू आपली की त्यांची?"

"बॉल हाताला लागला की लागला, नविनभाई. त्यात आपलं-त्यांचं काय?"

नविनभाईने क्रेट खाली ठेवला आणि बॉल खांद्याला लागला हे पटवायला बसला. ती ऐकेना. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोघं भांडले, पेढे खात खात, आणि वखारीतल्या निम्म्या बायका तिच्या बाजूने झाल्या. मी त्यांच्यात होते. खरं तर मला काही दिसलं नव्हतं, उन्हामुळे माझे डोळे मिटले होते. पण तिने बघितलं म्हणजे बघितलं असणार.