अध्यक्षबाईंची मीटिंग

मीटिंग चालू असताना आत्याला आत्या म्हटलेलं चालत नसे. 'अध्यक्षबाई' म्हणायचं. मांडवीतल्या तिच्या घराच्या ओटीवर आम्ही दोघंच. ती खुर्चीत, मी बाकावर. पण चुकून 'अगं आत्या' असं तोंडातून गेलं की चष्म्यावरून बघत म्हणायची, "कोण आत्या? इथे दोन संचालक बसलेत."

कोकमाचं आगळ, आंबापोळी आणि तळलेले गरे विकायला प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कशाला हवी, असं मी तिला शंभरदा विचारलं होतं. पण आतोबांची भागीदारी बुडाली तेव्हा त्या देण्यापायी तिचं पहिलं घर गेलेलं. "कंपनीचं देणं कंपनीपाशी. धंदा बुडाला तर बुडू दे, माझ्या चुलीला कुणाचा हात लागता कामा नये," हे तिचं ठरलेलं उत्तर. कंपनीला दोन संचालक लागतात, तिला मूलबाळ नाही. भाचा म्हणून सापडलो मी.

तेव्हापासून माझ्या डोक्याला ताप. मी नोकरीला पुण्यात. मीटिंग व्हिडिओवर घेतलेली चालते, असं सीएनंही तिला समजावलं. "कायद्याला चालत असेल, मला नाही चालत!" म्हणजे मी घाट उतरून हाडं खिळखिळी करून यायचं, आणि आल्यावर घरात पाऊल टाकायचं नाही, आधी ओटीवर बसायचं. आतून बांगड्याच्या कालवणाचा वास येतोय, पोटात कावळे ओरडताहेत आणि ही मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतेय! ठराव ती मांडणार, अनुमोदन मी देणार. एकदा वैतागून म्हटलं, "सगळं मान्य, आटप आता." तर म्हणे, "मेल्या, जरा विरोध तरी कर. नाहीतर ही मीटिंग कसली?" विरोध केला की मात्र गाल फुगवून बसायची. शेवटी, "ऐनवेळचा विषय आहे काही?" मी घाईघाईनं "नाही" म्हणायचो. मग, "मीटिंग संपली. पाय धू, पान वाढते."

दारावरची कंपनीची पाटी खाऱ्या वाऱ्यानं गंजायची, ती दर वर्षी रंगवून घ्यायची. डिजिटल सहीचं ते पेनड्राइव्हसारखं यंत्र तिनं देव्हाऱ्यात गणपतीमागे ठेवलेलं. सीएनं सकाळी फोन केला तर त्यालाच दटावायची, "थांबा हो, आधी पूजा आटपू दे."

पुढे तिचे गुडघे गेले. आगळ घालणं थांबलं, कामाच्या बायका दुसरीकडे गेल्या. कंपनी मात्र चालूच! विक्री शून्य, तरी हिशेब तपासून घ्या, विवरणपत्रं भरा, उशीर झाला तर दंड भरा. मी हात टेकले. "अगं, आता बुडायचं काय राहिलंय? घर सुखरूप आहे. बंद करायचा अर्ज करू."

"पुढच्या मीटिंगला घेऊ."

पुढच्या मीटिंगला विषय पुन्हा पुढे ढकलायची. शेवटी मी फोनवर ओरडलोच, "या वेळी ठराव होणार नसेल तर मी येणारच नाही!"

ठराव झाला. तिनंच मांडला, मी अनुमोदन दिलं, सह्या झाल्या. मग तिनं विचारलं, "ऐनवेळचा विषय आहे काही?"

"नाही."

ती पाटीकडे बघत बसली. 'मीटिंग संपली' काही म्हणेना. थोड्या वेळानं पुन्हा तेच, "नीट आठव. ऐनवेळचा विषय आहे काही?"

कालवण गार होत होतं. मला भूक लागली होती, भयंकर राग आला होता, आणि मधेच कधीतरी लक्षात आलं: ही मीटिंग संपली की मला इथे बोलवायला तिच्याकडे काही उरणार नव्हतं. एवढी वर्षं हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

"आहे," मी म्हटलं. "आत्या, पुढच्या महिन्यात मी येतोय. मीटिंग नसली तरी."

मी आत्या म्हणालो, तरी तिनं टोकलं नाही. चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाली, "माझं अनुमोदन. चल, पाय धू."