सारवलेली भिंत

त्या आठवड्यात मला एका जागी बसवत नव्हतं. घाटकोपरच्या ज्या टेकडीवर आमची खोली होती, तिच्या माथ्यावर एक पडका बुरूज होता, आणि पलीकडच्या अंगाने दगडाची खाण टेकडी खात खात त्याच्याकडे सरकत होती. दुपारी शिट्टी व्हायची, लाल बावटा हलायचा आणि सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी थरथरायची.  दर वेळी वाटायचं, गेली, आज भिंत गेली.

भिंत म्हणजे बुरुजाची नव्हे. बुरुजाच्या पायाशी पावसाच्या ओहळाने टेकडी उभी कापली होती, ती मातीची भिंत. वर किल्ल्याच्या चुन्याचा राडारोडा, त्याखाली तांबूस माती, आणि तिच्याखाली खडीचा जाड थर. त्या थरात माणसाने घडवलेले दगड रुतले होते. धारदार कपच्या आणि मुठीत मावेल अशी एक दगडी कुऱ्हाड, बिनदांड्याची. लोक बुरुजाला जुना म्हणायचे, तेव्हा मला हसू यायचं. किल्ला बांधायला कोणी आलं, त्याच्या कितीतरी आधी इथे कोणीतरी बसून दगड फोडत होतं.

मी तेव्हा नोकरी सांभाळून पुरातत्त्व शिकत होते. पुण्याच्या सरांना सगळं कळवलं, तर त्यांचा फोन ऑफिसात आला. "एकही दगड काढू नकोस. थरात आहे तोवर तो पुरावा. बाहेर आला की नुसता दगड. मी रविवारी येऊन डोळ्यांनी बघतो, मग खाण थांबवायला लिहिता येईल."

दगडांना हात लावायचा नाही, असं मी वस्तीतल्या सगळ्या पोरांना दम देऊन सांगितलं. आईला काय सांगायचं? ती कुठे दगड खेळायला जाणार होती! तिला एवढंच म्हणाले, की रविवारी सर येताहेत, बुरुजाखालची भिंत बघायला.

रविवारी सरांना स्टेशनवरून घेऊन टेकडी चढले. 

भिंत सारवलेली होती. वरपासून खालपर्यंत, शेणाने, बोटांच्या सुबक अर्धगोलांसकट. खाली रांगोळी. शेजारी पितळी परातीत ते सगळे दगड, राखेने घासून लख्ख केलेले, लहानमोठे लावलेले. आणि नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन आई उभी.

सरांनी भिंतीला बोट लावलं. ती अजून ओली होती. मग त्यांनी कुऱ्हाड उचलली, उलटसुलट केली, आणि क्षणभर त्यांचे डोळे चमकले. "सुंदर आहे," ते हळूच म्हणाले, "पण ही कुठे होती, हे आता फक्त तू सांगतेयस." एवढं बोलून त्यांनी ती परातीत ठेवली. चहा घेतला. "बाई, भिंत छान सारवलीत," असंही म्हणाले. चांगला माणूस. मला मात्र डोकं आपटून घ्यावंसं वाटत होतं.

ते गेल्यावर मी आईवर तुटून पडले. "वाट लावलीस! कोणी सांगितलं होतं तुला?"

"अगो, मोठो माणूस येतलो नि त्येका अशी उघडी भिंत दाखवतलंस? लोकां काय म्हणतली?"

"त्या मातीतच सगळं होतं गं! दगड मातीत होते, म्हणूनच त्यांना किंमत होती!"

 मी चपला घालून निघाले, साकीनाक्यापर्यंत उन्हात तरातरा चालत गेले. तिथल्या कारखान्यांची रविवारची बंद दारं बघत उगाच फिरले आणि तशीच परत आले. राग काही उतरत नव्हता.

खोलीत आई नव्हती. वर गेले. तिने कोयत्याने सारवण खरवडून काढलं होतं आणि एकेक दगड पुन्हा भिंतीत बसवून ओल्या मातीने लिंपत होती. कोपरापर्यंत हात बरबटलेले, लुगडं पार खराब.

"सगळे जंयचे थंय लायलंय," ती म्हणाली. "काढताना बघितलेलंय मी. आता बोलव तुझ्या सायबाक."

मी वाकून बघितलं. कुऱ्हाड तिच्या जागी होती, तशीच जराशी कललेली. मला सापडली होती, अगदी तशीच. बहुतेक सगळंच बरोबर होतं, आणि आता त्यावर जगात कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. हे तिला सांगायला हवं होतं. 

"बोलावते," मी म्हणाले.

तिने शेवटच्या कपचीभोवतीची माती अंगठ्याने दाबली. "सांग त्येका, ह्या खेपेक रांगोळी नाय, काय नाय. चाय पण देवचंय नाय. नुसतो येवन बघूंदे."