चोवीसला नाय द्यायचा

बोईसरच्या बाजारात घासाघीस करावी ती मुरबे गावच्या हिराबाईनं. टोपली मांडून बसली की भल्याभल्यांना पाणी पाजायची. पहिल्या बोलीला मासा द्यायचा नाही म्हणजे नाहीच. सासूनं शिकवलेलं, हिनं इमानानं पाळलेलं.

तिची लेक मेघाली मात्र अबोल. आणि ही अबोल पोर रसायनशास्त्र शिकायला गेली कुठं, तर इटलीला, तेही इटालियन भाषेतून! वर्ष सरतंय तोवर कोरोना आला आणि ती घरी परतली. परीक्षा आता घरूनच, लॅपटॉपवर, तोंडी. तीसपैकी निदान सव्वीस गुण पडले तर शिष्यवृत्ती टिकणार, नाहीतर इटली विसरायची आणि तारापूरच्या कारखान्यात नोकरी बघायची. मेघाली दिवसभर मोठ्यानं इटालियन घोकायची. ऐकून ऐकून हिराबाईसुद्धा बोंबील मोजताना तिकडचेच आकडे म्हणायला लागली होती.

परीक्षेला नियम कडक: खोलीत दुसरं कुणी नको. त्या दुपारी हिराबाई उंबऱ्याबाहेर रावस कापत बसली, पण कान सगळे आत. पहिल्या प्रश्नाला पोरगी झरझर बोलली, दुसऱ्याला अडखळली. उत्तर येत होतं हो तिला, मराठीत विचारलं असतं तर धडाधडा सांगितलं असतं. पण माणूस घाबरला की परकी भाषा सगळ्यात आधी पळ काढते. शेवटी प्राध्यापक म्हणाले, "चोवीस. घेतेस?" तिकडे पद्धतच तशी. गुण पटले तर घ्यायचे, नाहीतर पुढच्या खेपेला पुन्हा बसायचं. आणि पुढची खेप तर शिष्यवृत्तीची मुदत टळल्यावर.

चोवीस हा आकडा हिराबाईला कळला. त्यानंतर लेक गप्प झाली, तेही कळलं. नवखी पोर बाजारात बसवली की अशीच गप्प होते आणि मासा मातीमोल देऊन टाकते. मग बाईला कुठलं राहवतंय? खवल्यांनी भरलेल्या हातांनिशी ती थेट कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चोवीसला नाय द्यायचा. अजून एक इचारा म्हनावं त्यांना."

 आता परीक्षाच रद्द होणार, मेघालीला वाटलं. प्राध्यापकांनी चष्मा काढला. "ह्या कोण?"

"माझी आई. मासे विकते. पहिल्या बोलीला द्यायचं नाही, म्हणते." थाप मारायलाही इटालियन यावं लागतं, म्हणून बिचारी खरं तेच बोलून गेली.

प्राध्यापक पोट धरधरून हसले. "बरं, आणखी एक प्रश्न. पण आईंना बाहेर बसव."

हसण्यात मेघालीची भीतीही गेली. इटलीतल्या मैत्रिणींशी स्वयंपाकघरात गप्पा मारायची तशी बोलत सुटली, चुकत होती पण थांबत नव्हती.

"अठ्ठावीस," प्राध्यापक म्हणाले. "आईंना विचार, पटतंय का?"

मेघालीनं मोठ्यानं विचारलं. एरवी हिराबाईनं तिसासाठी भांडण केलं असतं.  पण आज तिनं नुसती मान डोलावली आणि पदर डोळ्यांना लावला.

लॅपटॉप मिटून मेघालीनं तिला मिठी मारली. "आये, आता रडतेस कशाला? जिंकलो ना आपण."

"जिंकलो गो," हिराबाई रडता रडता हसली. "पन मीच घासाघीस केली, नि मीच तुला परत लांब धाडली."