रडू येण्याचे दिवस

गल्लीच्या तोंडाशी केस कापायचं दुकान चालवणाऱ्या त्या माणसाला गिऱ्हाइकं 'रेडिओ' म्हणायची. कात्री थांबेल, तोंड थांबायचं नाही. तोच माणूस हळूहळू मुका झाला. दुकान आधी उशिरा उघडू लागलं, मग उघडेचना. नैराश्याच्या गोळ्या घेऊन झाल्या, बदलून झाल्या. काडीचा फरक नाही. त्यातच त्याची आई गेली. घर ओक्साबोक्शी रडत होतं नि हा खुर्चीत दगडासारखा. "पोटचा पोर, पण डोळ्यांत टिपूस नाही," त्याची बहीण बोलून गेली. ते त्याच्या बायकोच्या जिव्हारी लागलं.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "केटामाइन म्हणून भुलीचं औषध आहे. या आजारावर त्याला रीतसर मान्यता नाही, पण थोड्या डोसात काहींना उतार पडतो. खात्री मात्र देत नाही."

"देऊन बघा," बायको म्हणाली.

"यांना काय वाटतं?"

त्याने नुसती मान डोलावली.

सलाईनमधून ते औषध सुरू झाल्यावर तो पुटपुटला, "अगं, हे हात कुणाचे?" ती घाबरली. रक्तदाब तपासत नर्स म्हणाली, "औषधाचा अंमल आहे, थोड्या वेळात उतरेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंच्या खोलीतून आवाज आला. ती धावली. आईचा स्वेटर छातीशी धरून तो हमसाहमशी रडत होता. "आई गेली गं!" जणू आत्ताच कळलं होतं. तिने नणंदेला फोन लावला. "ताई, हे रडतायत!" मग बहीणभाऊ फोनवर कितीतरी वेळ रडले.

काही दिवस तो रडला, पोटभर जेवला, "किती वाळलीस गं," असं बायकोला म्हणाला. मग एकदा त्याने तो स्वेटर कोरड्या डोळ्यांनी पाहिला आणि बाजूला ठेवला.

पुन्हा सलाईन, पुन्हा थोडे दिवस. दर खेपेला आणखी कमी. पुढे रक्तदाब इतका चढला की डॉक्टरीणबाईंनी ते बंदच केलं.

परतताना बायकोने विचारलं, "फार वाईट वाटतंय का हो?"

"तेच तर वाटत नाही. रडू येत होतं तेव्हा मी बरा होतो."

दुकान आता दुसरा कुणी चालवतो. हा घरी असतो, बायको सांगेल ते काम करतो. दुपारी तो झोपला की ती सासूबाईंच्या खोलीत जाते आणि दार लोटून दोघांच्या वाटचं रडून घेते.