यादीतली दुसरी ओळ

त्रिशूरजवळच्या ओल्लूरला चर्चमागच्या गल्लीत लोनप्पन माशांचं घर विचारलं (तिकडे मास्तरांना 'माश' म्हणतात), तर माणसं आधी हसतात आणि मग दाखवतात. हसतात ते त्यांच्या हट्टाला. पाच वर्षांचे असताना गोवरात डोळे गेले, पण कॉलेजच्या दिवसांपासून हा माणूस कुणाचा हात धरून चाललाय असं कधी झालं नाही. काठी धरतील, भिंत धरतील, वेळ आली तर गटारात पाय घालतील. पण हात? नाव काढू नका!

हट्टाला कारण होतं, नाही असं नाही. त्रिशूरला कॉलेजात असताना पुस्तकं वाचून दाखवायला एक सोबती यायचा. त्याला दुपारचा सिनेमा गाठायचा असला की तो पानंच्या पानं गाळायचा. हे माशांना कळलं ते परीक्षेत, न ऐकलेले प्रश्न समोर आले तेव्हा. पहिला वर्ग गेला. त्या दिवसापासून त्यांचं मत पक्कं झालं, की डोळस माणूस समोरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. पुढे अंधशाळेत समाजशास्त्राचे मास्तर झाले, रोसिलीशी लग्न झालं, एकोणीस वर्षं संसार झाला, तरी मत तसूभर हललं नाही. बायकोनं साधं वीजबिल वाचून दाखवलं तरी शाळेतल्या कारकुनाकडून ते पुन्हा वाचून घेणार! रोसिलीला याचा राग होता. पण ती इंग्रजीत दहावी नापास झालेली, म्हणून वाचायचा विषय निघाला की तीच स्वयंपाकघरात जायची. लग्नाकार्याला अचप्पम, म्हणजे साच्यातली कुरकुरीत फुलं, तळून द्यायचा तिचा धंदा होता आणि त्यात तिला कुणी चूक काढू शकत नव्हतं.

२००३ साली घरात कॉम्प्युटर आला. लिनक्सवर चालणारा, पडद्यावरचं मोठ्यानं बोलून दाखवणारा. माश खूश व्हायला हवे होते. झालेही, चार दिवस. मग त्यांच्या लक्षात आलं, की मशीन चालू केल्यावर ते बोलायला लागेपर्यंत दीड-दोन मिनिटं जातात आणि तेवढ्या वेळात पडद्यावर शेकडो ओळी सरकून जातात. म्हणजे पुन्हा कुणीतरी पानं गाळतंय! मग काय, डोक्यात भुंगा शिरला.

घरात सगळ्यांच्या आधी उठून दार उघडणारं, चूल पेटवणारं एक माणूस असतं ना, तसा लिनक्समध्ये कर्नेल असतो. तो उठल्याशिवाय बाकी कुणी उठत नाही. माशांनी ठरवलं, आपला कर्नेल आपण बांधायचा, आवाज त्याच्या पोटातच घालायचा, म्हणजे तो उठता उठताच बोलेल. त्यात चार महिने गेले, पंचवीस-तीस वेळा फसलं, आणि एके सकाळी मशीन जवळजवळ पहिल्या ओळीपासून बोलायला लागलं. माश त्या दिवशी रडले होते. लिनक्सच्या सीडीबरोबर आलेल्या मूळ कर्नेलला ते तेव्हापासून 'मुका' म्हणायला लागले.

एक गोष्ट मात्र उरली. कर्नेल उठण्याच्याही आधी पडद्यावर एक यादी येते, कुणाला उठवायचं ते विचारणारी. तिथे आवाज पोचत नव्हता. ऐकू न येणारी यादी हवी कशाला? माशांनी तिच्यातलं मुक्याचं नाव पुसलं, आपल्या कर्नेलचं एकच नाव ठेवलं आणि थांबण्याची वेळ शून्य केली.

आता त्या शनिवारचं सांगतो, २००९ च्या जानेवारीतला.

दहावीचं समाजशास्त्राचं पुस्तक त्या वर्षी बदललं होतं आणि ब्रेलमधलं काही केल्या येत नव्हतं. वर्गात नऊ मुलं, परीक्षा मार्चमध्ये. कॉन्व्हेंटच्या सिस्टर फिडेलिया एकेक धडा कॅसेटवर वाचून द्यायच्या, माश तो ऐकून टाइप करायचे आणि कॅसेट पुढच्या धड्यासाठी परत जायची. आठ महिन्यांत बावीस धडे झाले होते. ते फक्त या मशीनमध्ये होते. प्रत काढायची राहून गेली होती, आज-उद्या, आज-उद्या करत. शाळेला देणगीत ब्रेल छापणारं यंत्र मिळालं होतं, सोमवारी ते माशांच्या घरी येऊन छपाई सुरू होणार होती. जुना कर्नेल त्या यंत्राला ओळखत नव्हता, म्हणून माशांनी नवा बांधला.

नवा बसवताना मशीन म्हणालं, जागा नाही. माशांनी जुना काढून टाकला. बाजारातून आणलेला कर्नेल रीतसर काढला तर यादीतलं नावही आपोआप जातं. पण हा पडला घरचा, हातानं बांधलेला, म्हणून हातानंच पुसला. यादीत त्याचं नाव तसंच राहिलं आणि नव्याचं घालायचं राहून गेलं. एवढंच नाही. नव्या कर्नेलला एक सोबतीण फाईल लागते, डिस्क कशी गाठायची ते सांगणारी. ती बनवतानाही जागा पुरली नाही. मशीननं ते सांगितलंही होतं! पण पेरुन्नाळ, म्हणजे चर्चच्या जत्रेचा सण, तोंडावर आलेला, गल्लीत बँडवाले तालीम करत होते आणि माश नेमके त्याच वेळी खिडकीतून त्यांच्यावर खेकसत होते. आयुष्यभर दुसऱ्यांनी गाळलेल्या ओळींचा हिशेब मागणाऱ्या माणसाची ही एक ओळ स्वतःच गाळून झाली.

मशीन पुन्हा चालू केलं. पंखा फिरला, डिस्क दोनदा कुरकुरली आणि गप्प झाली. माश थांबले. शंभर मोजले, दोनशे मोजले.

चौकातला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला जिंटो सकाळीच येऊन गेला.

"काय लिहिलंय?" माशांनी विचारलं.

"एरर आहे माशे, कसलीतरी."

"कसलीतरी म्हणजे? शब्द सांग ना!"

"अहो, शब्दांत काय आहे? सडलंय ते. फॉरमॅट मारू, दुपारपर्यंत नवंकोरं करून देतो."

"आणि माझं पुस्तक?"

"ते जाणार. दुसरं लिहा की, तुम्हाला काय कठीण!"

माशांनी त्याला काठीनं दार दाखवलं. मग खुर्चीत येऊन बसले ते हललेच नाहीत. आठ महिने! नऊ पोरं! आणि या पोरांना आता आपण काय सांगणार, की तुमच्या मास्तरनं घाईत पुसलं?

खोबरेल तेलाचा वास जवळ आला. रोसिली दारात उभी होती.

"मी वाचू?"

माशांनी मान दुसरीकडे फिरवली.

"नको असेल तर जाते. एकदा तुमच्या या डबड्यावरची धूळ पुसली होती, तर केवढे भडकला होतात! पुन्हा हात लावला नाही मी."

"तुला इंग्रजी येत नाही," माश हळू म्हणाले.

"अक्षरं येतात. शब्द नाही लागत मला. अक्षरं सांगितली तर चालतील?"

माशांनी बाजूची खुर्ची ओढली. खरं सांगायचं तर दुसरा इलाज नव्हता म्हणून ओढली.

रोसिलीनं हात पुसले आणि एकेक अक्षर वेचून सांगायला लागली. "ई, आर, आर, ओ, आर. मग पंधरा. मग एकाखाली एक दोन टिंबं. एफ, आय, एल, ई..."

"फाईल सापडली नाही!" माश ताठ झाले. "अगं, सडलं कुठे? यादी जुन्यालाच हाका मारतेय. कुठलंही बटण दाब."

यादी आली. माशांनी नव्या कर्नेलचं नाव टाइप केलं, रोसिलीनं ते वाचून तपासलं. डिस्क कुरकुरली, पडदा भरला आणि थांबला.

"शेवटून वाच."

तिनं बराच वेळ वाचलं. पी, ए, एन, आय, सी आलं तसं माशांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे घाबरलं. डिस्क सापडत नाही त्याला."

"मशीन घाबरलं होय! मला वाटलं तुमचंच लिहिलंय."

माशांना हसू आलं आणि त्या हसण्यातच त्यांना मुका आठवला. नाव पुसलं होतं खरं, पण फाईल? ती पुसली होती का? आठवेना. पुसली नसेल, तर केवळ विसरले म्हणून. सकाळी आठवला असता तर जागेसाठी सगळ्यात आधी त्याचाच बळी गेला असता. त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं आणि यादीवरून डिस्कवरची नावं मागवली. रोसिली एकेक वाचत गेली, प्रत्येक टिंब, प्रत्येक आडवी रेघ. चौथं नाव निम्म्यावर आलं आणि माशांनी तिचं मनगट धरलं.

"हाच तो! मुका! आहे, अजून आहे!"

एकोणीस वर्षांत त्यांनी आपणहून तिचा हात धरला तो असा. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

माशांनी भराभर नाव टाइप केलं.

"थांबा," रोसिली म्हणाली. "नावातल्या अठराच्या आधी टिंब दोनदा पडलंय."

"नाही पडलेलं. सहा वर्षं टाइप करतोय मी."

आणि दाबलं एंटर.

"ई, आर, आर, ओ, आर. पंधरा," रोसिली म्हणाली.

माशांनी कीबोर्ड दूर ढकलला. "म्हणजे नावच उरलंय, आत काही नाही. संपलं सगळं. बोलाव त्या जिंटोला. मुलांना मी सांगेन सोमवारी."

"टिंब दोनदा आहे."

"रोसिली, पुरे!"

"पुरे काय पुरे!" तिचा आवाज चढला. "दहावी नापास आहे मी, माहीत आहे. पण टिंब मोजता येतात मला! मी समोरचं वाचतेय, माशे. मनातलं तुम्ही वाचताय."

बाहेर बँडवाले थांबले होते. माशांना कॉलेजातला तो सोबती आठवला आणि फार लाज वाटली. आज त्याच्या जागी आपण बसलोय, आणि गाळू न देणारी ही बाई स्वयंपाकघरात तळत राहिली.

"तूच सांग," ते म्हणाले. "एकेक अक्षर सांग, मी तेवढंच दाबतो."

ती सांगत गेली, ते दाबत गेले. मुक्याचं नाव झालं, त्याची सोबतीण फाईल झाली. एंटर. डिस्क कुरकुरली आणि कुरकुरतच राहिली.

"ओळी पळायला लागल्या!" रोसिली ओरडली. "अहो, खूप पळतायत, मला नाही वाचता येत!"

"पळू दे, पळू दे!"

मुका उठला. आवाज नव्हता, पण उठला. माशांनी पासवर्ड टाइप केला तर रोसिली घाबरून म्हणाली, "काही उमटतच नाही हो!" पासवर्ड पडद्यावर दिसायचाच नसतो! माश पोट धरून हसले. मग त्यांनी धड्यांची नावं मागवली आणि रोसिलीनं बोट ठेवून मोजली. बावीस. माशांनी तिला पुन्हा मोजायला लावली. विश्वास नव्हता म्हणून नाही, पुन्हा ऐकायचं होतं म्हणून.

आधी प्रत काढली, दोन सीडींवर. मग नको त्या फाईली उडवून जागा केली, अर्धवट सोबतीण पुसून नवी बनवली. या वेळी शेवटची ओळ रोसिलीनं वाचेपर्यंत माश खुर्चीवरून उठले नाहीत. ती जेवण वाढायला आत गेली तेव्हा त्यांनी एकट्यानंच यादी दुरुस्त केली. जेवून झाल्यावर मशीन चालू केलं आणि नवा कर्नेल उठता उठता आपल्या रुक्ष आवाजात बोलायला लागला.

"झालं तुमचं," रोसिली उठली. "आता नको ना मी? तेल तापत ठेवते."

"बस जरा." माशांनी मशीन बंद करून परत चालू केलं. "यादी आलीय?"

"आलीय. पण पुढे जात नाही. आधी तर थांबायची नाही म्हणत होतात."

"आता तीस सेकंद थांबते. पहिली ओळ नव्याची. दुसरी मुक्याची, त्याला परत घेतलाय. नाव मात्र मुका ठेवलं नाही. वाच बघू दुसरी ओळ."

"आर," रोसिलीनं सुरुवात केली. "ओ, एस, आय..."

पुढचं अक्षर आलं नाही. माश वाट बघत राहिले. पंखा फिरत होता, तीस सेकंद उलटून गेले आणि मशीन आपलं आपण बोलायला लागलं.

"काय झालं?" माशांनी विचारलं. "गाळलीस ना दोन अक्षरं?"

"तुम्ही गप्प बसा," रोसिली नाक ओढत म्हणाली. "आणि परत चालू करा ते. पूर्ण वाचायचंय मला."