रंजिताचा डावा काठ

रंजिता जन्मली तीच डावरी. यात तिचा काय गुन्हा होता ते अजून कुणी सांगितलेलं नाही, शिक्षा मात्र सगळ्यांनी दिली. लाखनीला हायवेवर बापाचं पंक्चरचं दुकान. तिथं ती डाव्या हातानं पाना फिरवायची, ट्रकवाले खूश व्हायचे आणि आई कपाळावर हात मारायची. शाळेत त्या हातावर पट्टी, जेवताना चापट. पुढं लग्न होऊन आंधळगावात कोष्ट्यांच्या घरी आली, तर सासूबाईंनी, म्हणजे गीताबाईंनी, पहिल्याच आठवड्यात बजावलं की या हातानं मागाला शिवायचं नाही, लक्ष्मी रुसते. बी.कॉम. झालेल्या मुलीनं हे मुकाट्यानं ऐकून घेतलं. ऐकायला नको होतं, पण नवी नवरी बोलणार किती?

समोरची खोली सगळी मागानं भरलेली. कोशाच्या रेशमाची साडी आणि काठाला करवतीसारखे दात, ही त्या घराची ओळख. काठाचा रंग वेगळा, अंगाचा वेगळा, त्यामुळे आडवा धागा नेणारे धोटे तीन लागतात. मधला आणि उजव्या काठाचा धोटा सासरे टेकचंद चालवत, डाव्या काठाचा गीताबाई. पण बाई बसायच्या डावीकडे आणि धोटा ओढायच्या उजव्या हातानं, आडवा हात घालून. मग दात ढिले पडणार नाहीत तर काय? भंडाऱ्याच्या कमलेश शेठनं लागोपाठ दोन साड्या परत केल्या. तिसरीही तशीच आली तर पुढं सूत देणार नाही, असा निरोप आला. सूत नाही म्हणजे माग बंद. टेकचंदांनी एका राइस मिलवर चौकीदारीचं विचारूनही ठेवलं.

तिसरी साडी मागावर चढली आणि गीताबाई न्हाणीत घसरल्या. उजवं मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये गेला. रंजिताचा नवरा बाहेरगावी नोकरीला, डावीकडे बसायला गावात रिकामा माणूस मिळेना, तेव्हा रंजिताच मागावर बसली. गीताबाई बाजेवरून पहारा देत होत्या. उजव्या हातानंच, हे त्यांनी दहादा सांगितलं.

उजव्या हातानं तिनं जे विणलं ते दात नव्हते, बोळकं होतं. टेकचंदांनी सगळं उसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे असं चाललं तर साडी गेली, माग गेला, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तेवढ्यात तिची नजर बाजेकडे गेली. प्लास्टर सांभाळत गीताबाई डाव्या हातानं वरणभात जेवत होत्या.

रंजितानं धोटा डाव्या हातात घेतला.

"काहून वं? काय सांगितलं होतं तुले?"

"तुमी जेवा आई डाव्या हातानं, मी विणीन डाव्या हातानं. रुसली तं लक्ष्मी दोघींवर रुसन."

टेकचंदांनी हसू लपवायला मान फिरवली. गीताबाईंचा घास हातातच राहिला.

आणि मग तो हात असा चालला म्हणता! आयुष्यभर कोंडून ठेवलेलं वासरू मोकळं सुटावं तसा. धागा ना ओढला गेला ना सैल पडला. एकेक दात ताठ, टोकदार उभा राहत गेला. टेकचंदांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाले, चालू दे. पदर होईपर्यंत गीताबाई बाजेवरून नुसते दात मोजत राहिल्या.

साडी द्यायला मात्र त्या टेकचंद आणि रंजिताबरोबर प्लास्टरसकट भंडाऱ्याच्या एसटीत चढल्या. कमलेश शेठनं साडी उभी दुमडली, काठावर काठ ठेवला. दातावर दात बसला. त्यांनी घडी मोडली, फिरवली, पुन्हा घातली.

"टेकचंदभाऊ, याच्यातला डावा कोणता?"

टेकचंद सांगणार, तेवढ्यात गीताबाई पुढं सरकल्या.

"तुमीच सांगा ना शेठ. मागच्या दोन साड्यांत तं लवकर सापडला तुमाले."

शेठनं बराच वेळ पाहून एका काठावर बोट ठेवलं. तो उजवा निघाला. हसत हसत त्यांनी पुढच्या चार साड्यांचं सूत काढायला सांगितलं.

सुताच्या लड्या गीताबाईंनीच घेतल्या आणि सुनेकडे वळल्या. रंजितानं सवयीनं उजवा हात पुढं केला. गीताबाईंनी लड्या मागं ओढल्या.

"तो नाही," त्या म्हणाल्या. "कामाचा हात आण."