झांज वाजत होती की नव्हती

माझे कान कुणी खाल्ले यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. बायको म्हणते, त्या इंग्रजी धिंगाण्यानं. मी म्हणतो, साखर कारखान्यानं. इस्लामपूरजवळच्या एका कारखान्यात मी उभी हयात फिटर म्हणून काढली. उसाचे रोलर फिरायला लागले की शेजारच्या माणसाच्या कानात तोंड घालून बोलावं लागे.

पण खरं भांडण कानातल्या मशीनवरून होतं. सांगलीच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांना लावा म्हणून सांगितलं होतं आणि मी ऐकत नव्हतो. ते बोंड कानात घालून फिरणं म्हणजे म्हातारपणाची पाटी गळ्यात अडकवणं. शिवाय माझ्याकडे पुरावा होता. माझा अल्बम मला अजून सगळाच्या सगळा ऐकू येत होता.

हा अल्बम माझ्या धाकट्या भावानं आणला. तो फौजेत होता. सुट्टीवर येताना पलटणीतल्या कुणा दोस्ताची कॅसेट घेऊन आला आणि जाताना इथंच विसरला. हेवी मेटल, आठ गाणी. पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं, टेप बिघडला. दुसऱ्यांदा लावली ती निव्वळ कुतूहलानं. एवढ्या गोंगाटात ही माणसं एकमेकांना चुकत कशी नाहीत?

मग मी ती कॅसेट कारखान्यातलं मशीन ऐकावं तशी ऐकायला लागलो. डावीकडची गिटार काहीतरी बोलते, उजवीकडची तिला उलटं उत्तर देते, आणि भांडत भांडत दोघी एकाच ताटात जेवायला बसतात. खालून बेस गिटार मुकाट चालत असते. तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण ती थांबली तर सगळा डोलारा कोसळेल. गाणाऱ्याचे शब्द मला आजही निम्मे कळत नाहीत. तो किंचाळतो तेव्हा त्याचं कुठंतरी दुखतंय एवढं कळतं, आणि तेवढं मला पुरतं.

सगळ्यात लाडकं शेवटचं, लांबलचक गाणं. ते ऐन भरात असताना मधेच थांबतं. गिटार गप्प, गाणारा गप्प. फक्त ड्रमवाल्याची झांज, तीही काठीच्या टोकानं, हलकेच. आता कोण सुरू करणार, असं वाटत राहतं. मग सगळे एकदम तुटून पडतात. लोकांना वाटतं मेटल म्हणजे नुसता दणका. मी तर त्या मधल्या शांततेसाठी ऐकतो.

दिवाळीनंतर लेक नातीला घेऊन कुंडलहून आली ती मशीनसाठी माझी समजूत काढायलाच. मीही तयारीत होतो. अल्बम आता फोनवर असतो; तो फोन जुन्या ॲम्प्लिफायरला जोडला, बायकोला आणि लेकीला समोर बसवलं आणि शेवटचं गाणं लावलं. गाणं थांबलं. मी बोटानं ताल धरला. "ही बघा झांज. एवढी बारीक, तरी येती का न्हाई ऐकू? कशाला पाहिजे मशीन?"

लेकीनं आईकडं बघितलं. "आण्णा, कसली झांज? मला तर काय ऐकू येईना."

ती उठून ॲम्प्लिफायरपाशी गेली. सकाळी नात त्याच्या बटणांशी खेळत बसली होती. तिनं ट्रेबलचं, म्हणजे बारीक, टोकदार आवाजांचं बटण पार शून्यावर नेऊन ठेवलं होतं. लेकीनं ते पुन्हा फिरवलं. "हां, आता आली."

माझ्यासाठी काहीच बदललं नव्हतं. झांज आधी वाजत होती तशीच वाजत होती.

मी चरकलो. पण स्वभाव कुठं जातो? लगेच डोळे मिटून बसलो आणि लेकीला म्हटलं, बटण हवं तसं फिरव, मी ओळखतो. एकदाही ओळखता आलं नाही. म्हणजे मी झांज ऐकत नव्हतो, आठवत होतो. कधीपासून, कोण जाणे.

मग आणखी काय काय मी असंच आठवणीतून ऐकतोय, हे कळल्याशिवाय चैन पडेना. बायकोचं बोलणं तर मला सगळं कळतं. पण चहा घेताय का, गोळी घेतली का, कुठं निघालात, ही तिची वाक्यं मला तोंडपाठच आहेत. मी तिला म्हटलं, "माझ्या पाठीमागं उभी राहा आणि आजवर कधी बोलली न्हाईस असं काहीतरी बोल."

"आवं, काय येडबिड लागलं का?"

"बोल तर."

ती उभी राहिली. मग मागून नुसती गुणगुण आली, आणि समोर बसलेली लेक एकदम खाली बघायला लागली.

मी वळलो. "काय म्हणालीस?"

"न्हाई ऐकलंसा न्हवं? मग राहू द्या. एकदाच म्हणायचं हुतं."

लेकीला विचारलं. ती म्हणाली, "आईलाच इचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही सांगलीला गेलो.

मशीन लावून घरी आल्यावर पहिल्यांदा अल्बम लावला. खरं सांगतो, झांज पत्र्यासारखी वाजते. माझ्या डोक्यातली किती तरी गोड होती. मशीन काढून ऐकलं की तीच जुनी झांज अजून वाजते, आणि तसं ऐकायचा मोह रोज होतो. पण मी मशीन काढत नाही. बायको स्वयंपाकघरात असते, मधूनच बाहेर येते, माझ्या पाठीमागून जाते. अजून तिनं ते वाक्य पुन्हा म्हटलेलं नाही. मी काढलं आणि नेमकं तेव्हाच ती म्हणाली तर?